एका बंडी कापसाची ऊब

पोस्टकार्ड ही खाजगी मजकूर लिहायची वस्तू नव्हे, हे पोस्टातल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर बनलेलं माझं ठाम मत आहे. पण उमरखेडच्या आमच्या विहीणबाईंना हे सांगणार कोण? साठ सालच्या दिवाळीनंतर आठच दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. पिशवी उघडणाऱ्याने ते वाचलं, शिक्का मारणाऱ्याने वाचलं, आणि मग माझ्यापुढे ठेवून दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"सूनबाईस पहिल्या खेपेस माहेरी पाठवावे ही रीत आम्हीही जाणतो," असं कार्डात होतं. "परंतु आपले घर फार उघडे आहे असे कळते. मागल्या दिवाळसणास आमच्या मुलास तेथे पडसे झाले ते होळीपर्यंत टिकले. पौषाच्या थंडीत बाळंतीण तेथे कशी निभेल? घर उबदार करणे होत असेल तर कळवावे, नसेल तर बाळंतपण इकडेच करू. राग नसावा."

मी बसलेला उठलो आणि उठलेला पुन्हा बसलो. थोरलीचं पहिलं बाळंतपण सासरी! आणि कारण काय, तर बापाचं घर गार! कार्ड घरी वाचून दाखवलं तेव्हा आमची ही तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"माझ्या लेकीची वटी मी भरीन अन् बाळंतपण त्या करतीन? मंग गावात तोंड कुठीसा दाखवू मी?"

"घर उबदार करत आहोत, असं कळवतो," मी म्हणालो.

"करत आहोत नाही. झालं आहे, असं लिहा."

मी तसं लिहिलं. नवऱ्याच्या हातून आयुष्यात ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याचशा अशा तोंडी सांगितलेल्या मजकुरातून होतात.

आता विहीणबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, ही त्यातली खरी बोच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस घर बांधतो ते वैशाखाला भिऊन. उंच छप्पर, त्यावर कवेलू म्हणजे मातीची कौलं, भिंतीत वर झरोके, वारा इकडून आला की तिकडून गेला पाहिजे. थंडी नावाचा पाहुणाही वर्षातून दोन महिने येतो, हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच नसतं. आमच्या मधल्या खोलीत तर ऐन माळ्यावरचा एक कवेलू सरकलेला होता. त्या भोकातून दुपारचं ऊन खाली येई आणि त्यावरून आमची ही घड्याळ न बघता चहा ठेवी. इतकी वर्षं त्या भोकाचं आम्हाला कौतुक होतं. कार्ड आल्यापासून मी त्याच्याकडे वैऱ्यासारखा बघू लागलो.

प्रथम घरमालकांकडे गेलो. डोमाजीबुवा समोरच राहत. सत्तरीचे गृहस्थ. घर त्यांचं होतं, पण त्याहून जास्त त्या घराबद्दलची मतं त्यांची होती.

"कवेलू फेरायचे त वैशाखात," ते म्हणाले. "थंडीत कोनी छपरावर माणूस चढवते काय? एक सरकवान, चार फुटतीन. थंडी लागते त वाकळ घ्या."

"बुवा, बाळंतीण येणार आहे."

"आमच्या बाळंतिणी नव्हत्या काय? त्या काय काश्मिरात बाळंत झाल्या?"

मी तिथून उठून शेजारी रहेमानभाईंकडे गेलो. रहेमानभाई इंजिन दुरुस्त करत. ओलिताच्या पंपापासून शिवणयंत्रापर्यंत त्यांना काहीही वर्ज्य नव्हतं. त्यांनी माझी हकीकत हातातला पाना खाली न ठेवता ऐकली.

"फिकर कायले करता बाबूजी? छप्पर नाही खोलता येत त खालून बंद करू ना. बारदाना ठोकून देतो. एका रोजात काम."

रहेमानभाईंच्या शब्दाला खोट नव्हती. एका दिवसात त्यांनी मधल्या खोलीला गोणपाटाचं छत केलं. टाके असे की बघत राहावं. संध्याकाळी आम्ही कौतुकाने खाली बसलो, आणि पहिली शिंक मला आली. मग हिला. मग शर्यत लावल्यासारख्या दोघांना पाठोपाठ. डोळे चुरचुरू लागले. रहेमानभाई बघायला आले ते उंबऱ्यातच शिंकले. चौकशीअंती कळलं की तो बारदाना मिरचीचा होता.

"ऊब त आली ना?" ते डोळे पुसत म्हणाले.

ऊब आली होती, हे मी नाकारत नाही. पण जन्मल्या जन्मल्या लेकराने शिंकत राहावं हे काही मला पटेना. बारदाना उतरवला. तो उतरवताना जितकी मिरची नाकात गेली तितकी वर असताना गेली नव्हती.

अशा अवस्थेत, सुजलेल्या डोळ्यांनी, मी बाजाराच्या दिवशी खिडकीवर बसलो होतो. फुलसिंग आला. तांड्यावरचा, कापूस पिकवणारा कास्तकार, दर बाजाराला येऊन लष्करातल्या भावाचं पत्र माझ्याकडून वाचून घेई. पत्र वाचताना माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय असं पाहून तो घाबरला.

"का झालं? भाऊ मेला का माहा?"

"नाही रे, खुशाल आहे. मिरची आहे ही." आणि मी त्याला सगळं सांगितलं. माणूस दुःखात असला की ज्याला त्याला सांगत सुटतो.

फुलसिंग हसला. "बाबूजी, तुमी कपासीच्या मुलकात राहून थंडीले भेता? कपास भरा ना माळ्यावर! माहा घर भरून गेला. भाव चढेस्तोवर मले कोरडी जागा पाह्यजे, तुमाले गरमी पाह्यजे. हात घालून पाहा ढिगात. माणसाच्या पोटावाणी गरम राह्यते."

मला वाटलं, इतकी सोपी गोष्ट इतके दिवस सुचली कशी नाही! सगळं गाव ज्या वस्तूवर जगतं तीच आमच्या माळ्यावर नव्हती. दुसऱ्याच दिवशी गच्च भरलेली बंडी दारात आली. फुलसिंग आणि त्याची बायको मानीबाई, दोघांनी मिळून माळ्यावर बोरूचे तट्टे अंथरले आणि त्यावर सरकीसकट कापूस छपरापर्यंत दाबून भरला. सरकलेल्या कवेलूचं भोक त्यात कुठल्या कुठे बुडून गेलं. मानीबाईने ढिगाला हळदकुंकू लावलं, दहीभाताचा घास ठेवला. आमच्या हिनेही ओवाळलं. लक्ष्मी घरात आली होती आणि वर जाऊन बसली होती. खाली खोलीत, खरंच सांगतो, दोन पांघरुणांची ऊब जाणवू लागली.

मग फुलसिंग जाता जाता दारात थांबला.

"बाबूजी, आता घरात इस्तव नाय."

"म्हणजे?"

"चूल नाय, बिडी नाय, दिवा बी नाय. कपास अन् इस्तव एका छपराखाली राह्यत नाय. एक ठिणगी त घर बी गेलं अन् माहा साल बी गेलं." आणि माझ्या गळ्याची शपथ माझ्याच हाताने घेववून तो गेला.

"अन् सैपाक?" हिने विचारलं.

स्वयंपाक अंगणात गेला. पाणी तापवायचा हंडा अंगणात गेला. दिवा नाही म्हटल्यावर दिवस मावळला की खोलीत माझा बॅटरीचा टॉर्च, तोही तिने मोजून वापरायचा. जेवण चुलीजवळ अंगणात, घोंगडी पांघरून. आठवड्याभरात अशी स्थिती आली की आम्ही नवराबायको बाहेर कुडकुडत बसलेलो आणि आत कापूस मजेत. घर उबदार झालं होतं यात शंका नव्हती. फक्त त्यात राहायची सोय उरली नव्हती.

कापसाचे इतर गुणही हळूहळू कळू लागले. वजनाने माळ्याची एक लाकडी बल्ली कुरकुरू लागली, म्हणून खोलीच्या बरोब्बर मध्ये सागाचा टेकू दिला, नेमकी जिथे बाज टाकायची तिथे. तंतू चहात, तंतू भाजीत, तंतू माझ्या भुवयांत. पोस्टात येणारे लोक मला विचारू लागले, बाबूजी, गादी पिंजायचा धंदा कधी काढला? आणि बोंडातल्या त्या शेंदरी अळ्या! आजवर शेतकऱ्याच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं होतं. आता त्या वरून टप टप अंथरुणावर पडू लागल्या.

तेवढ्यात तहसील कचेरीतला चपराशी उकंडा कागद घेऊन दारात उभा. राहत्या घरात विनापरवाना कापसाचा साठा केल्याबद्दल खुलासा करावा.

"कोणी तक्रार केली?"

"मले कायले विचारता बाबूजी? मी त कागद आणून राह्यलो," उकंडा म्हणाला, आणि मग मान समोरच्या घराकडे वळवून उभा राहिला.

मी समोर गेलो. "बुवा, तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केलीत?"

"तक्रार कायची? चौकशी केली," डोमाजीबुवा शांतपणे म्हणाले. "माह्या घरात लक्ष्मी आली अन् मले कोनी कुंकवाले बलावलं नाई. काहून आली, हे इचारू बी नाई काय?"

मी थक्क झालो. माणूस तुमचं घर जळेल म्हणून कचेरीत जात नाही, हळदकुंकवाचं राहिलं म्हणून जातो!

कचेरीत फॉर्म भरावा लागला. छप्पन सालापर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात, आणि त्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात. जागचं न हलता तीन राज्यं पाहिली. फॉर्म मात्र पहिल्याच राज्यातला होता, हिंदीतला, फक्त वर शिक्का नवा. त्यात साठ्याचा हेतू विचारला होता. व्यापार, गिरणी किंवा बियाणे.

"ऊब," मी म्हणालो.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "असा हेतू नाही."

"पण तोच हेतू आहे."

"असेल. पण फॉर्मात नाही. ऊब मागाहून तपासता येत नाही."

शेवटी बियाणे लिहिलं. सरकारदरबारी आमच्या मधल्या खोलीत सरकीची पेरणी व्हायची होती. अटी दोन. दारावर "धूम्रपान मनाई" अशी पाटी, आणि उंबऱ्याजवळ तांबड्या रंगाच्या दोन बादल्या, एक पाण्याची, एक वाळूची. बादल्या कचेरीने दिल्या, पावती घेऊन. रंग अजून ओला होता. माझं एक धोतर त्यात गेलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मी जेवायला घरी आलो, तर एस. टी.च्या थांब्याकडून थोरली येत होती. हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल. तिच्यामागे, पदर खोचून, विहीणबाई. येत असल्याचं त्यांचं कार्ड दोन दिवसांनी माझ्याच हातात पडलं. इतकी वर्षं पोस्टात काढून मला हेच मिळायचं होतं.

विहीणबाई अंगणात थबकल्या. आमची ही घोंगडी पांघरून चुलीपुढे भाकरी थापत होती.

"चूल बाहेर का? घरात काही वाईट झालं की काय?"

"नाही, नाही, ऊब आहे आत," मी म्हणालो. याहून वेड्यासारखं उत्तर मला सुचलं नाही.

त्या आत शिरल्या. बाहेरच्या उन्हातून अंधारात आल्याने त्यांचा पाय थेट वाळूच्या बादलीत गेला. पुढे टेकूवर हात आपटला. मग त्या बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर वरून एक शेंदरी अळी पडली. मी डोळे मिटून घेतले. पण विहीणबाई खऱ्या कास्तकाराच्या लेक. त्यांनी अळी चिमटीत धरून बाहेर टाकली, वर पाहिलं, खोलीच्या हवेत हात फिरवला आणि सावकाश म्हणाल्या, "ऊब आहे खरी. खोटं कशाला बोलू?"

त्या पाव तासात मी जितका सुखी होतो तितका त्या अख्ख्या वर्षात नव्हतो. ही माझ्याकडे बघून हसली. थोरली कापसाकडे बघून म्हणाली, "बाबा, हे सगळं माझ्यासाठी?"

मग हुस्नाबी आल्या. रहेमानभाईंची आई. आमच्या गल्लीतले अर्धे लोक त्यांच्या हातावर जन्मलेले. त्यांनी थोरलीला पाहिलं, खोली पाहिली, कमरेवर हात ठेवले.

"अन् गोरसी कहाँ रखते?"

हिने टेकूकडे पाहिलं, मी तांबड्या बादल्यांकडे.

"बाजेखाली शेक पाह्यजे. ओव्याची धुरी पाह्यजे. गरम पानी पाह्यजे. बिना अंगार के जचकी कैसी होती बाबूजी? पोरीले इथं कायले आणली, कपास राखाले?"

निखाऱ्याची मातीची गोरसी! बाळंतिणीच्या खोलीत दुसरं काही नसलं तरी गोरसी असते, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक. मी दोन महिने ऊब ऊब करत हिंडलो आणि ज्या एका वस्तूने बाळंतीण उबेत राहते ती वस्तू घरात आणायची चोरी करून बसलो! डोमाजीबुवांना सुचलं नाही, रहेमानभाईंना सुचलं नाही, माझ्या बायकोला सुचलं नाही, कचेरीला सुचलं नाही. पण सगळे बघत होते ते माझ्याकडे.

"फुलसिंगला निरोप धाडा, कापूस घेऊन जाईल," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात कार्डाचा सूर परत आला होता. "नाही तर मी उद्याच्या गाडीने सुनेला घेऊन परत जाते."

निरोप धाडला. उत्तर आलं की फुलसिंग फुलसावंगीला सोयऱ्यांकडे गेलाय, आठवड्याने येईल.

विहीणबाईंना गाडी गाठायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढीला साबण लावत असताना, थोरलीला कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधी.

मी अर्ध्या दाढीने अंगणात धावलो. आभाळ भरून आलेलं. कापूस अंगणात टाकावा तर पाऊस, आणि तिथेच चूल. माळ्यावर ठेवावा तर विस्तव नाही. आत थोरली कण्हत होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कापूस दिसेना, विहीण दिसेना, माझी अब्रू दिसेना. माझी पोर तेवढी ऐकू येत होती. मी दारात उभा राहून ओरडलो, "कोणी तरी घ्या हो हा कापूस!"

समोरचं दार उघडलं. डोमाजीबुवा बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि आत वळून सुनेला म्हणाले, "चूल इझव."

आणि ती विझेना तर स्वतःच तांब्याभर पाणी ओतलं. वाफ दारातून बाहेर आली. "आणा पह्यली टोपली इकडं," ते म्हणाले.

मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. ज्याच्या घरात कापूस जाईल त्याने विस्तव विझवायचा, हे सांगावं लागलं नाही. कापसाच्या मुलखातले लोक ते. रहेमानभाईंनी टेकूजवळ शिडी लावली, वरून गाठोडी सोडू लागले. उकंडा कुठूनसा आला. परवाना विचारायला आला असेल, पण त्याच्या डोक्यावर गाठोडं ठेवलं तेव्हा तो निमूट चालू लागला. आणि त्या रांगेत मधोमध, पदर खोचून, केसांत कापूस माळल्यासारखा, विहीणबाई! टोपली घेताना मला म्हणाल्या, "बघता काय? उचला!" अकरा घरांत कापूस गेला आणि अकरा चुली विझल्या. पौषातल्या त्या ढगाळ सकाळी साऱ्या गल्लीत एकच विस्तव उरला, आमच्या अंगणातला. हुस्नाबींनी त्यातलेच निखारे गोरसीत भरले आणि आम्हा पुरुषांना बाहेर हाकललं.

आम्ही अंगणात चुलीभोवती उभे. बाकी कुणाकडे विस्तव नव्हता, म्हणून सगळी गल्ली तिथेच. डोमाजीबुवांनी छपराकडे बोट दाखवलं. सरकलेल्या कवेलूतून गोरसीचा, ओव्याचा धूर सरळ वर निघत होता.

"पाहा बाबूजी. तुमी ते भोक बुजवलं असतं, त सारे आत गुदमरले असते. म्हून मी मना केलं व्हतं."

त्यांनी त्यासाठी मना केलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण मी त्यांचा हात धरून ठेवला. आणि मग आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडलेला.

"नात!" विहीणबाई दारात येऊन ओरडल्या. "लक्ष्मी आली हो!"

मला रडू आलं. अर्ध्या गालावर साबण वाळलेला, तिथून ओघळ खाली. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी पाहिलं. फुलसिंग परत येईपर्यंत अकरा घरांच्या भाकरी आमच्या अंगणातल्या चुलीवर झाल्या आणि निम्म्या विहीणबाईंनी थापल्या.

फुलसिंग बाजाराच्या दिवशी बंडी घेऊन आला. मोकळा माळा बघून तो मटकन खाली बसला. "अरे याडी!" त्याने त्याच्या बोलीत आईचा धावा केला. "माही कपास?" मी त्याला घरोघर नेलं. प्रत्येक घरात दोन पावलं आत जाऊन तो आधी चुलीत हात घालून पाही. सगळ्या राख, सगळ्या गार. बंडी भरल्यावर ओंजळभर कापूस काढून हिच्या पदरात घातला, नातीच्या उशीसाठी.

त्याच्या येण्याआधीच, नात जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं होतं. दुपारी चहाच्या सुमाराला त्या भोकातून उन्हाचा कवडसा खाली आला, मोकळ्या माळ्याच्या बल्ल्यांमधून, आणि नेमका बाजेवर, नातीच्या पायांवर पडला. तिने पाय ताणले. विहीणबाईंनी तिच्या पायांवरचं दुपटं बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हे पाहा, वैशाखात कवेलू फेराल, तेव्हा हे भोक बुजवू नका बरं का. उमरखेडच्या आमच्या घरात असं ऊन कुठे येतंय!"

ज्या भोकासाठी मी महिनाभर अंगणात जेवलो, मिरची शिंकलो, सरकारला खोटं लिहून दिलं, ते आता विहीणबाईंच्या हुकमाने कायम झालं होतं. दर वैशाखात कवेलू फेरणारा येतो तेव्हा मी शिडीखाली उभा राहून त्याला त्या एका कवेलूला हात लावू देत नाही. पावसाळ्यात त्याच्याखाली बादली ठेवतो. तांबडी आहे. कचेरीने अजून परत मागितलेली नाही.